पाऊस तासाने मोजा

मुंबईत नालेसफाई संपवायची ठरलेली तारीख ३१ मे. सगळी धावपळ त्या तारखेच्या दिशेने चालते, किती टक्के गाळ काढला याचे आकडे रोज छापून येतात, आणि जून उजाडला की शहर पावसाळ्यासाठी तयार आहे असं धरलं जातं. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. त्याची मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे तो तब्बल सोळा दिवस आधी आला. १९५६ साली तो २९ मे रोजी आला होता, तो विक्रमही मागे पडला. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा उच्चांक मोडला. वरळीचं भुयारी मेट्रो स्थानक लोकांसाठी खुलं होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, त्यात पाणी शिरलं. नाल्यांतला गाळ निघायचा होता आणि वर आभाळ फुटलं होतं.

आता दोनच वर्षं मागे जाऊ. २०२३ मध्ये हाच पाऊस मुंबईत आला २५ जूनला. दिल्ली आणि मुंबई, दोन्हीकडे एकाच दिवशी. असं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलं. लोक तोवर घामाने आणि पाणीकपातीच्या धास्तीने हैराण झाले होते.

२६ मे आणि २५ जून. या दोन तारखांचा मध्य काढला तर येतो १० जून. सर्वसाधारण तारखेपासून फक्त एक दिवस दूर. कागदावर ही दोन वर्षं मिळून अगदी वेळेवरची ठरतात, पण जगताना त्यातलं एकही वर्ष वेळेवरचं नव्हतं. माझं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आहे. सरासरी हा पावसाबद्दलचा खरा आकडा आहे, पण शहर बांधायला आणि चालवायला तो निरुपयोगी आहे. तरीही आपण वेळापत्रक, गटारांची मापं आणि पाण्याचं नियोजन त्याच आकड्याच्या भरवशावर ठेवलं आहे. फसलो की मग ‘विक्रमी पाऊस’ हे दोन शब्द पुढे करतो.

आपल्या शेतकऱ्याने ही चूक कधी केली नाही. त्याने वर्षाचा पाऊस इंचात मोजला नसेल, पण तो कोणत्या नक्षत्रात पडला हे नेमकं लक्षात ठेवलं. मृग कोरडा गेला की पेरणी लांबते, आर्द्राने ओढ दिली की रोपं करपतात, आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’. एकूण पाऊस किती झाला याला त्याच्या लेखी मोल नाही. कधी पडला आणि मध्ये किती दिवसांची उघडीप गेली, यावर त्याचं वर्ष ठरतं. शहरात आलो आणि हे शहाणपण गावी ठेवून आलो. आता आपण सप्टेंबरअखेर ‘सरासरीच्या १०४ टक्के’ अशी बातमी वाचतो आणि पावसाळा बरा गेला म्हणतो.

माझ्या गच्चीवर २००६ पासून एक साधं पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, खाली बाटली, आणि घरात कपाटावर एक मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला मी बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या रेषेसमोर आणतो आणि आकडा वहीत लिहितो. साडेआठ, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात. पहिली दोन-तीन वर्षं मी नुसता आकडा लिहायचो. मग लक्षात आलं की वही माझ्याशी खोटं बोलते आहे. एका जुलैत लागोपाठच्या आठवड्यांत दोन दिवस असे आले की दोन्ही दिवशी आकडा पडला ९२ मिमी. पहिल्या दिवशी रात्रभर संततधार होती, सकाळी रस्ते धुऊन निघाले होते आणि लोक नेहमीच्या गाडीने कामाला गेले. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळा पाऊस दुपारी सव्वा तासात कोसळला. गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षा बंद, शाळेच्या मुलांना मोठ्यांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. वहीत मात्र दोन दिवस जुळ्या भावांसारखे शेजारी बसले होते. तेव्हापासून मी तिसरा रकाना आखला: किती वेळात.

हा तिसरा रकाना शहराच्या वहीत ठळक का नाही? हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, त्यावर २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, आणि त्याच्याही वर अत्यंत मुसळधार. इशारे, सुट्ट्या, बातम्यांचे मथळे याच वर्गांवर ठरतात. देशभरातल्या शेतीला, नद्यांना, धरणांना चोवीस तासांचं माप ठीक आहे. पण गटार चोवीस तासांत भरत नाही, ते वीस मिनिटांत भरतं. दिवसभरात सारखा पसरून २०० मिमी पडला तर तासाला साडेआठ मिमीसुद्धा होत नाही, आणि एवढं पाणी ब्रिटिशांच्या काळातलं गटारही वाहून नेतं. उलट तासाभरात ८० मिमी पडून मग आभाळ मोकळं झालं, तर वर्गवारीत तो साधा मुसळधार दिवस ठरतो आणि दादरचा सखल हिंदमाता चौक पाण्याखाली असतो. शिवाय सकाळी सहा ते अकरा असा सलग कोसळलेला पाऊस साडेआठच्या रेघेवर चिरला जातो. अर्धा कालच्या खात्यात, अर्धा आजच्या. एकच सर, पण नोंदीत दोन मध्यम दिवस.

वेळेचं जे, तेच जागेचं. २६ जुलै २००५ आपण सगळ्यांनी पाठ केला आहे: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. त्याच दिवशी कुलाब्याला किती पडला? जेमतेम ७४ मिमी. अंतर वीसेक किलोमीटर. विहार तलावाजवळ तर हजार मिमीच्या वर गेला होता. दक्षिण मुंबईत कचेऱ्यांमध्ये बसलेल्या माणसांना दुपारी साधा पाऊस दिसत होता. आपल्या घरापर्यंतचा रस्ता नाहीसा झाला आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती, म्हणून ती नेहमीसारखी घरी निघाली. शहरात चारशेहून अधिक माणसं दगावली. त्या दिवशी ‘मुंबईत किती पाऊस’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतंच. दोन केंद्रांची सरासरी काढली असती तर पाचशेच्या वरचा एक आकडा मिळाला असता, जो शहरात कदाचित कुठेच पडला नव्हता.

असं का होतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे, किनाऱ्यालगत कमी दाबाचा लांबट पट्टा, आणि मागे सह्याद्रीची भिंत, एवढ्यावर रोजचा पाऊस पडतो. पण कधीकधी या साध्या पावसातच गडगडाटी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि ते काही किलोमीटरच्या परिसरात सगळं रितं करतात. ते दादरला उभे राहतील की पवईला, हे आदल्या दिवशी ठामपणे सांगता येत नाही. ज्याची जागा आदल्या दिवशी सांगता येत नाही, त्याच्यासाठी शहरभर सदैव तयार राहणं एवढाच मार्ग उरतो.

या शहराचं दुसरं दुःख तहानेचं आहे, आणि तेही सरासरीत बुडून जातं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव: तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. सगळे मिळून साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. यातले शहराच्या हद्दीत फक्त विहार आणि तुळशी, आणि त्यांचा वाटा तीन टक्केसुद्धा नाही. म्हणजे मुंबईकराच्या नळाचं पाणी त्याच्या डोक्यावर पडतच नाही. ते शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडच्या डोंगरांत पडतं. २०२४ चा जून आठवा. तलाव तळाला गेले म्हणून शहरात आधी पाच आणि मग दहा टक्के पाणीकपात होती. ती कपात चालू असतानाच ८ जुलैच्या मध्यरात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिमीहून जास्त पाऊस झाला. लोकल बंद, शाळांना सुट्टी. दारात कंबरभर पाणी आणि नळाला कमी दाब, हे एकाच घरात एकाच सकाळी घडत होतं. कपात उठली ती जुलैच्या अखेरीस.

हिशेब करून पाहा. शहराचं क्षेत्र सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे १०० मिमी पाऊस पडला तर ते पाणी होतं साडेचार हजार कोटी लिटर. मुंबईचा रोजचा पुरवठा चारशे कोटी लिटरच्या जरा आत. म्हणजे एका जोरदार दिवसात अकरा-बारा दिवसांचं पाणी आपण घाईघाईने समुद्रात ढकलतो, आणि ते ढकलता आलं नाही म्हणून बुडतो. हे सगळं पिता येणार नाही, मला ठाऊक आहे. पण त्यातलं थोडं गच्चीवरून टाकीत, मैदानाखालच्या कुंडात, जमिनीच्या पोटात थांबवलं तरी दोन्ही दुःखं हलकी होतात. २००९ आणि २०१५ या कमी पावसाच्या वर्षांत शहराने मोठी कपात सोसली आहे. तेव्हा पर्जन्यजलसंधारणाच्या घोषणा झाल्या, आणि पुढच्या वर्षी तलाव भरून वाहिल्यावर विरल्या.

आता गटारांकडे येतो, कारण सगळा वाद तिथे येऊन अडतो. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधली होती, तेही ओहोटी असताना. आणि त्या हिशेबात आणखी एक गोष्ट गृहीत होती, जी फारशी बोलली जात नाही: पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल. तेव्हा ते चूक नव्हतं. शिवारं होती, वाड्या होत्या, खाजण होतं, अंगणात माती होती. आज इमारतीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, रस्त्याला काँक्रीट, नाल्याला काँक्रीटचा तळ. मुरायला जागा कुठे? १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या आराखड्याचा, अहवाल आला. तासाला ५० मिमी धरा आणि पाणी मुरतं असं मानू नका, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. अहवाल बारा वर्षं पडून राहिला आणि २६ जुलै उजाडला. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कामांना वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध ही सहा उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रं, उभी राहिली. माहूल आणि मोगरा मात्र जागा आणि परवानग्यांच्या घोळात वर्षानुवर्षं अडकली. ज्यांच्या वस्त्या त्या दोन केंद्रांच्या भरवशावर होत्या, त्यांनी दरवर्षी पाणी उपसलं.

झालेल्या कामांचा उपयोग झाला आहे, हे नाकारणं अन्यायाचं होईल. हिंदमाताजवळ मैदानांखाली टाक्या बांधल्यावर तिथलं पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. पण ५० मिमी हा आकडा १९९३ चा आहे. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी हाताशी आल्या आहेत. २००५ मध्ये सांताक्रूझला एका तासात १९० मिमी पडला. २०१९ च्या जुलैत तिथेच २४ तासांत ३७५, २०२० च्या ऑगस्टमध्ये कुलाब्याला ३३० हून जास्त. तरीही आज नव्या टाकलेल्या वाहिनीचं माप विचारा, उत्तर बहुतेक त्याच ५० मिमीपाशी येतं.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं, हा सगळा हवामानबदल आहे, पालिका काय करणार? हवामानबदल खरा आहे. अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सात टक्क्यांच्या आसपास जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. हे गंभीर आहे. पण कुलाब्याला एका दिवसात ५७५ मिमी पडला तो ५ जुलै १९७४ रोजी. तेव्हा हवामानबदल हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत नव्हता. या किनाऱ्यावरचा पाऊस आधीपासूनच लहरी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, हवामान खातं १८७५ चं. दीडशेहून जास्त वर्षांच्या नोंदी आपल्याकडे आहेत, आणि त्या हेच सांगतात. हवामानबदलाने आधीच मोठी असलेली लहर आणखी वाढवली. म्हणून ते तयारी न करण्याचं कारण होऊ शकत नाही, तयारी दुप्पट करण्याचं आहे.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकपणेच भिडायला हवं. तासाला १०० मिमी वाहून नेणारी गटारं शहरभर बांधता येणार नाहीत. रस्त्याखाली जागा नाही, आधीच तिथे पाणी, वीज, गॅस, केबल सगळं दाटलेलं आहे, आणि भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्रच पाणी परत ढकलतो. तिथे गटार कितीही रुंद असलं तरी तोंड बंदच. मान्य. पण मग याचा पुढचा अर्थही मान्य करा. जे पाणी वाहून नेता येत नाही, त्याला थांबायला जागा द्यावी लागते. भरतीच्या तीन-चार तासांत ते कुठे उभं राहील हे आपण ठरवलं नाही, तर ते स्वतः ठरवतं, आणि ते कायम सखल वस्तीच निवडतं. अशा वेळी खाजण, तिवरं, मिठागरं, मैदानं ही मोकळी पडलेली जमीन उरत नाही. ती शहराची भरतीच्या वेळची टाकी असते. मिठी नदीच्या काठी भराव घालून जे उभं राहिलं, त्याची किंमत कुर्ला आणि कलिनाने मोजली. तरी मिठागरांवर घरं बांधायचा प्रस्ताव आला की चर्चा होते ती किती घरं होतील याची. भरतीच्या वेळी अमुक मिमी पाऊस झाला तर आज या जमिनीवर किती पाणी उभं राहतं आणि उद्या ते कोणाच्या घरात जाईल, हा हिशेब परवानगीच्या कागदाला जोडलेला कधी दिसत नाही. तो सक्तीचा करा, एवढी माझी मागणी आहे. तासाच्या पावसाचा आणि भरतीचा हिशेब नाही, तर परवानगी नाही.

आणखी एक. २००५ नंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली, २०२० मध्ये पुराच्या पूर्वसूचनेची यंत्रणा आली, वेरावलीला दुसरं रडार आलं. चालू पावसाचे आकडे आता फोनवर दिसतात, ही मोठी गोष्ट आहे. मला त्यापुढचं हवं आहे. प्रत्येक केंद्राचा प्रत्येक पावसाळ्याचा पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस, त्या वेळची भरतीची उंची, आणि त्या विभागात कुठे किती वेळ किती पाणी साचलं, हे तिन्ही एका तक्त्यात, शाळकरी मुलालाही उतरवून घेता येईल असं. आणि दर दहा वर्षांनी त्या तक्त्यावरून गटाराचं माप नव्याने ठरवायचं, हे नियमात लिहिलेलं. पाऊस पडून गेल्यावर ‘विक्रमी’ म्हणायला एक मिनिट लागतं. पण विक्रम म्हणजे जुन्या नोंदींत नसलेली गोष्ट. जी गोष्ट वीस वर्षांत चार-पाचदा घडली, तिला त्या शब्दाआड लपता येऊ नये.

मिठीकाठच्या एका चाळीत माझ्या ओळखीच्या एक मावशी राहतात. तळमजल्यावरची एक खोली. भिंतीला दरवर्षी चुना लागतो, पण दाराच्या चौकटीवर त्यांनी खिळ्याने ओरखडून ठेवलेल्या खुणा तशाच आहेत. सगळ्यात वरची २००५ ची, माझ्या डोक्याच्या वर. खाली २०१७, २०१९, आणि बाकीच्या वर्षांच्या, कमरेपासून घोट्यापर्यंत. पलंग चार-चार विटांवर, फ्रिज सिमेंटच्या ओट्यावर, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाने फोनवर नदीच्या वरच्या अंगाच्या, पवईकडच्या पर्जन्यमापकाचे आकडे बघायला सुरुवात केली. दोन-तीनदा पाणी आलं तेव्हा त्याने वेळ लिहून ठेवली. तिकडे तासात साठच्या वर गेला आणि भरती चढती असली, तर आपल्या दारात पाणी यायला सव्वा ते दीड तास लागतो, असा त्याचा अंदाज आहे. आता साठ दिसले की आई आधी गाद्या माळ्यावर टाकते, मग गॅसची टाकी वर उचलते, आणि शेजारच्या आजींना हाताला धरून पहिल्या मजल्यावर नेते. हा अंदाज एका मुलाने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, तीन पुरांच्या नोंदींवरून मांडला आहे. त्याच नदीच्या काठी हजारो घरं आहेत, आणि प्रत्येक दारासाठी असा आकडा काढता येईल एवढी मोजमापं शहराकडे जमा आहेत.